नरडाण्याची रिंग

केवलचंद शेठच्या पेढीमागच्या खोलीत त्या दुपारी एक संगणक होता, एक मोडेम होता, पुढच्या गादीवरच्या फोनच्या लाइनला फाटा फोडून आत आणलेली एक तार होती, चार कोऱ्या फ्लॉपी होत्या आणि पडद्यावर पाच लाल ओळी होत्या. पाचवी आत्ताच उमटली होती. उज्ज्वलाने ती नीट वाचलीसुद्धा नाही. आधीच्या चौघींनी जे सांगितलं तेच ही सांगत असणार: कनेक्शन तुटलं, सर्व्हर रिझ्यूम स्वीकारत नाही, पुन्हा शून्यापासून सुरुवात.

मोजायचंच म्हटलं तर खोलीत आणखी एक जण होतं. कोपऱ्यात, ढेपेच्या नमुन्यांच्या पोत्यावर, पदर गुडघ्यांभोवती आवळून तिची आई बेबाबाई बसली होती. सकाळच्या पहिल्या एसटीने ती धुळ्याहून जळगावला आली होती आणि तेव्हापासून दर थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारत होती.

"व्हयनं का?"

उज्ज्वला मान हलवून नाही म्हणायची. बोलून उपयोग नव्हता. बेबाबाईचा डावा कान कधीच गेला होता. उजव्याने तिला ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, कुकरची शिट्टी ऐकू यायची, माणसाचं बोलणं मात्र जवळजवळ नाही.

अमेरिकेतल्या मावसभावाने गेल्या पावसाळ्यात मावशीसाठी कानाचं यंत्र पाठवलं होतं. वाटाण्याएवढं, महागडं, डिजिटल. कानात घातलं की ते नुसतं शिटी मारायचं. धुळ्यातल्या दुकानदाराने ते उलटसुलट करून पाहिलं आणि हात टेकले. हे संगणकाला जोडून त्या त्या कानाच्या मापाचं करून घ्यावं लागतं, तसं करणारं इकडे कोणी नाही, म्हणाला. आणि आज जळगावात तसं करणारा माणूस आला होता. मुंबईचे सबनीस सर. जिल्हापेठेतल्या मंगल कार्यालयात त्यांचं एका दिवसाचं शिबिर होतं. सकाळी त्यांनी बेबाबाईचा कान तपासला, यंत्र हातात घेतलं आणि म्हणाले, "यंत्र उत्तम आहे. जोडायची पेटी माझ्याकडे आहे. पण या कंपनीचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर नाही. त्यांच्या साइटवर फुकट मिळतो, चार-सव्वाचार एमबीचा. तुम्ही इंटरनेटवाल्या ना? पाच वाजेपर्यंत आणा, दहा मिनिटांत बसवून देतो."

"आणि नाही जमलं तर पुढच्या वेळी?"

"पुढची वेळ नाही हो. मार्चपासून मी बंगलोरला चाललो."

उज्ज्वलाही चालली होती. फिजिक्स घेऊन बीएस्सी झाल्यावर वर्षभर तिने अर्ज केले होते, आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेने तिला एक मार्चला हजर व्हायला सांगितलं होतं. धुळ्याच्या घरात आई एकटी राहणार. शेजारी लताबाईंकडे फोन होता, पण ज्या बाईला समोरचं बोलणं कळत नाही तिला फोनवर काय कळणार? जळगावाहून दर रविवारी धुळ्याला जाता यायचं. पुण्याहून ते जमणार नव्हतं. प्रयोगशाळेला होकार कळवायचा होता आणि तिने तो अजून कळवला नव्हता.

"चारनी गाडी शे मन्ही," बेबाबाई म्हणाली. "घर पोचता पोचता दिवे लागतीन."

उज्ज्वलाने तळहात दाखवला. थांब.

वास्तविक हे काम तिच्या हातचा मळ होतं. शेठच्या मुलाने सुरतेला जाण्याआधी हौसेने संगणक घेतला, पेढीवर 'इंटरनेट' अशी पाटी लावली आणि तो गेल्यावर ते सगळं उज्ज्वलाच्या गळ्यात पडलं. ती ते चोख चालवत होती. गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं, दाणाबाजार मिटल्यावर. कोणाला परदेशातल्या मुलाला ईमेल करायचा असे, कोणाला कॉलेजचे निकाल बघायचे असत. मोठ्या फायली ती डाउनलोड मॅनेजरने उतरवायची. लाइन तुटली की तो प्रोग्राम जिथे थांबला तिथून पुढे चालू करायचा, म्हणून तर तो ठेवला होता. पण ही कंपनी आडमुठी निघाली. तिच्या सर्व्हरला अर्धी फाईल पुढे चालू करणं ठाऊकच नव्हतं. तुटलं की आधीचं सगळं वाया.

साडेनऊपासून तिने एकेक गोष्ट तपासली होती, एका वेळी एकच बदल करत, प्रयोगशाळेत शिकवतात तशी. डाउनलोड मॅनेजर फाईलचे चार तुकडे करून चार जोडण्या मागत होता. सर्व्हर तीन हाकलून देत होता. तिने एकच जोडणी ठेवली. तुटलं. वाट पाहण्याची मुदत दुप्पट केली. तुटलं. तारेत खरखर असेल म्हणून मोडेमचा वेग खाली आणला, पंखा बंद केला, ट्यूबलाइटसुद्धा बंद केली. पुन्हा तुटलं. आणि तुटण्याला काही ताळतंत्र नव्हतं. एकदा पंचवीस मिनिटं सुरळीत चाललं, एकदा सहा मिनिटांतच गेलं.

कोणीतरी पुढे फोन उचलतं आहे, हा तिचा पहिला संशय होता. म्हणून सकाळीच तिने गादीवरच्या फोनवर स्वतःचा रुमाल टाकला होता आणि शेठना बजावलं होतं. तरी पाचव्या ओळीनंतर ती पुन्हा पुढे गेली.

"शेठजी, फोन उचलला का कोणी?"

केवलचंद शेठ गादीवर बसले होते, पण बसल्यासारखे दिसत नव्हते. टोपी काढत होते, घालत होते. "मी? तुझा रुमाल आहे तसा आहे बघ. नव्या सुनेसारखा घुंघट घेऊन बसलाय सकाळपासून. हात लावला असेल तर हात झडो माझा!"

"तसं नाही म्हणत मी."

"तू काय म्हणतेस ते राहू दे. मला सांग, शिरपूरला आज काय झालं? भाईदासची एक रिंग नाही. नरडाण्याचा मगन, तो तर घड्याळ आहे घड्याळ. त्याची पण नाही. मिलवाले बूथवर फोन करून माझा जीव खातात, गाड्या निघाल्या का म्हणून. मी काय सांगू, पंचांग बघून सांगू?"

दारातल्या एसटीडी बूथमधून त्यांच्या पत्नी मोहनबाई म्हणाल्या, "सांगा ना काहीतरी. रोज सांगता तसं." बूथचा फोन वेगळा होता, त्याची तार वेगळी. तिथे रांग लागली होती आणि मोहनबाईंचं सगळं लक्ष मीटरच्या आकड्यांवर असूनही कान गादीकडे असत.

रिंगांची ही भानगड उज्ज्वलाला माहीत होती, म्हणजे जेवढी माहीत असायची गरज होती तेवढी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने वाजणारा फोन धावत जाऊन उचलला होता, तेव्हा शेठ कपाळाला हात लावून म्हणाले होते, "अगं, उचलायचा नसतो! उचलला की पैसे लागतात त्याला." शेठ सरकी आणि ढेपेचे दलाल. शिरपूरच्या कापसाच्या जिनमधून सरकीची गाडी निघायला झाली की तिथला माणूस भाईदास फोन लावायचा, एकदा वाजू द्यायचा आणि ठेवायचा. नरडाण्याहून ढेपेची गाडी सुटायला झाली की मगन दोनदा वाजवून ठेवायचा. एक रिंग शिरपूर, दोन रिंगा नरडाणा. कोणी काही बोलायचं नाही, कोणाला काही लागायचं नाही, आणि जळगावच्या मिलमध्ये हमाल वेळेवर तयार असायचे.

उज्ज्वला परत आत वळणार एवढ्यात दारात ट्रक येऊन उभा राहिला. एमएच अठरा, म्हणजे धुळ्याकडचा, सरकीने भरलेला. ड्रायव्हर तोताराम खाली उतरला, माठातलं पाणी तांब्यातून घटाघटा प्यायला आणि त्याने विचारलं, "शेठ, हमाल कोठे शेत? मिलना दरवाजा बंद."

शेठ उभेच राहिले. "तू कसा आलास?"

"कसा म्हंजे? गाडी चालाडीसन."

"रिंग नाही आली तुझी!"

"काय सांगतस? भाईदासभाऊनी मन्हासमोर रिंग दिधी. मी तठेच त्यासना कानजोडे उभा व्हतू. वाजनी, एक डाव. मग भाऊनी ठेवी दिन्हा."

"नाही वाजली. मी या गादीवर बसलो होतो. लघवीलासुद्धा उठलो नाही."

"वाजनी शेठ. बहिरा शे का मी?"

बेबाबाई आतल्या दारात येऊन उभी होती. तिने फक्त ड्रायव्हरचे हातवारे पाहिले आणि मुलीकडे पाहिलं. उज्ज्वलाला तेव्हा एकच विचारायचं होतं.

"तोतारामभाऊ, किती वाजता दिली रिंग?"

"दहाले पाच-सहा मिनिटं कमी व्हतात. जिनना घड्याळखालेच उभा व्हतू ना."

ती धावतच आत गेली. डाउनलोड मॅनेजर आपल्या प्रत्येक चुकीपुढे वेळ लिहून ठेवायचा. पहिली लाल ओळ: ९.५४.

तिने एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. एका जुळण्याने काही सिद्ध होत नाही. तिने पुन्हा जोडणी लावली, फाईल चालू केली, आणि दोन मिनिटं आकडे पुढे सरकू दिले. मग ओरडली, "मोहनकाकू, बूथवरून आपल्या गादीचा नंबर लावा! एकदा वाजली की ठेवा!"

"आपलाच नंबर? वेडबिड लागलं का पोरीला?"

"लावा तर!"

रांगेतला माणूस कुरकुरला. मोहनबाईंनी नंबर फिरवला, रिसीव्हर कानाला लावला. "लागला. वाजतोय."

गादीवरचा फोन रुमालाखाली गप्प होता. शेठनी वाकून रुमालाला कान लावला. काहीच नाही.

"वाजतोय अहो, माझ्या कानात वाजतोय!" मोहनबाई म्हणाल्या.

पडद्यावर सहावी लाल ओळ उमटली.

उज्ज्वला बाहेर आली तेव्हा तिला हसूही येत होतं आणि रडूही. "शेठजी, या फोनवर बोलत असताना दुसरा फोन आला तर काय होतं?"

"टूंटूं होतं कानात. ती सोय मीच घेतलीय मुद्दाम अर्ज करून. मी भाव विचारत असलो आणि भाईदासची रिंग आली तर? एक टूं म्हणजे शिरपूर. दोन टूं म्हणजे नरडाणा."

"आज सकाळपासून या तारेवर मोडेम बोलतोय. ते टूं त्याच्या कानात जातंय आणि त्याचं बोलणं तुटतंय. तिकडे भाईदासभाऊंना वाटतं रिंग पोचली. तुम्हाला वाटतं आलीच नाही. तुमच्या हरवलेल्या सगळ्या रिंगा माझ्याकडे आहेत. लाल ओळी."

शेठना हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते आधी तोतारामकडे बघून म्हणाले, "हमालांना आवाज दे," आणि मग तिच्याकडे. "मग तू काय करणार?"

"ती सोय अर्धा तास बंद करते. एक्स्चेंजचा कोड फिरवायचा की झालं. मग फोन करणाऱ्याला एंगेज मिळेल आणि मोडेमला काही होणार नाही."

"एंगेज?" शेठ एकदम गादीवरून उतरले. "खबरदार! एंगेज मिळता कामा नये."

"का?"

"एंगेज म्हणजे माल थांबवा! भाव पडला की मी रिसीव्हर काढून बाजूला ठेवतो. तिकडे एंगेज आलं की भाईदास भरलेली गाडी उभी करतो, मगन गेटातून सोडत नाही. सात वर्षं चाललंय हे. तू अर्धा तास एंगेज ठेवशील तर माझं दुकान बसेल. मिलला आज माल पाहिजे आहे."

उज्ज्वलाने भिंतीला पाठ टेकली. रिंग वाजली तर तिचं काम तुटत होतं, आणि न वाजली तर शेठचं.

"बूथवरून फोन करून सांगा त्यांना," ती म्हणाली. "आज अर्धा-पाऊण तास रिंग देऊ नका म्हणून."

"भाईदासला सांगतो. जिनमध्ये फोन आहे. पण मगनला कुठे गाठू? तो तिकडच्या मिलच्या गेटावर उभा. गाडी भरली की समोरच्या कुठल्या तरी बूथमध्ये शिरतो, रिंग देतो, बाहेर येतो. सात वर्षांत त्याचा आवाज फोनवर ऐकलेला नाही मी. रिंगच ऐकली."

"एक गाडी भरायला किती वेळ लागतो तिकडे?"

"दहा टन. सहा हमाल. पाऊण तासाच्या आत नाही. चहा झाला तर तास."

तिने मनाशी हिशेब केला. सव्वाचार एमबी, सेकंदाला दोन-सव्वादोन केबी. तेहेतीस मिनिटं, जरा पुढेमागे. भाईदास गप्प राहिला, तर मगनच्या एका रिंगेपासून दुसरीपर्यंत तेवढा वेळ मिळत होता. सकाळीही मिळाला असावा. पण प्रत्येक वेळी लाइन तुटली की ती पंखा बंद कर, वेग बदल, असं करत बसली होती. जे बिघडलंच नव्हतं ते दुरुस्त करण्यात तिने वेळ घालवला होता.

"मग आत्ताच लावते," ती म्हणाली. "मध्ये मगनभाऊंनी तोडलं तर लाल ओळ येईल. ओळ आली की तुम्हाला ओरडून सांगते, गाडी सुटली. लगेच पुन्हा लावते."

"नाही." शेठनी मान हलवली. "लाल ओळीवर मी गाडीचा शब्द देऊ मिलला? तुझी ओळ दुसऱ्या कोणाच्या फोनने पण येईल. मोहनबाईच्या भावाने जोधपूरहून लावला तर?"

"माझ्या भावाला कामं आहेत," बूथमधून आवाज आला.

"मगनची रिंग मी माझ्या कानाने ऐकणार. दोन रिंगा. मग तार तुझी, पुढची रिंग येईपर्यंत."

तार त्यांची होती. तिने मोडेम बंद केला, गादीवरच्या फोनवरचा रुमाल उचलला आणि खिडकीत ठेवला. शेठनी बूथमधली रांग मागे सारून शिरपूरला फोन लावला. भाईदासला पहिल्यांदा वाटलं कोणीतरी वारलं. "अरे नाही रे, सगळे जिवंत आहेत," शेठ ओरडत होते. "संध्याकाळपर्यंत रिंग देऊ नकोस, बोल माझ्याशी, बूथच्या नंबरवर बोल! हो, तोंडाने!"

त्यानंतर काही करायचं उरलं नाही, आणि तेच उज्ज्वलाला जमेना. सकाळपासून हाताला निदान चाळा होता. आता ती खोलीतून गादीपर्यंत जायची, फोनकडे बघायची, परत यायची. फोन उचलून टोन आहे का ते बघावंसं वाटे; पण उचलला आणि नेमकी तेव्हाच रिंग आली तर? दोन वाजले. नरडाण्याला हमालांची जेवणं झाली असतील. किंवा नसतील. जेवून तंबाखू मळत बसले असतील. मगन नावाच्या, कधी न पाहिलेल्या माणसाचा तिला राग यायला लागला आणि लगेच त्याची काळजीही वाटायला लागली. त्या बूथचाच फोन बिघडला असला म्हणजे?

बेबाबाईने पिशवी उचलून खांद्याला लावली.

"पोर, मी चालनू. माले काय करनं ऐकीसन? ऐकानं व्हतं ते बठ्ठं ऐकी लिधं मी."

"बस ना आई." उज्ज्वलाने तिच्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं, जरा जास्तच जोराने. बेबाबाई बसली, पण पिशवी तिने खाली ठेवली नाही.

शेठ हे बघत होते. ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "अक्का! चहा! घेणार?"

"हा," बेबाबाई म्हणाली. "धुयामा दोन दिनमा एकदाव पाणी येस."

उत्तर कशाचं होतं ते कोणालाच कळलं नाही. मोहनबाईंनी चहा मागवला.

अडीच. पावणेतीन. दोन वेळा फोन वाजला. एकदा एरंडोलचा शेतकरी सरकीचा भाव विचारत होता, एकदा चुकीचा नंबर. दोन्ही वेळा उज्ज्वला आतल्या दारापर्यंत धावत आली. तीन वाजायला आले तेव्हा फोन पुन्हा वाजला. शेठनी हात वर केला, वाढप्याला थांबवावं तसा. एक. दुसरी. आणि थांबली.

"नरडाणा!" शेठ ओरडले. "गाडी सुटली! पोरी, तार घे!"

ती आधीच आत होती. मोडेमने नंबर फिरवला. पलीकडे एंगेज. पुन्हा. एंगेज. भरदुपारी अख्ख्या जळगावाला इंटरनेट पाहिजे होतं की काय कोण जाणे. चौथ्यांदा पलीकडून ती किरकिर आली, लांबली, शांत झाली. पाच मिनिटं गेली होती. तिने फाईल चालू केली. काहीही बदललं नाही, पंखासुद्धा चालूच ठेवला.

दहा टक्के. वीस. आता ती आकड्यांकडे बघत नव्हती, मोडेमच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत होती. चाळीस टक्क्यांवर दिवा दोन सेकंद थांबला आणि पुन्हा लुकलुकला. सहाऐवजी आठ हमाल असले तर? चहा झाला नाही तर? पंचावन्न. साठ.

पासष्ट टक्क्यांवर बूथमधून मोहनबाईंनी हाक मारली, आणि या वेळी त्या हाकेत चेष्टा नव्हती. "अहो, अकोल्याचा फोन आहे. ढेप पडली म्हणतात. चांगलीच पडली."

शेठ बूथकडे गेले, दोन वाक्यं बोलले आणि परत आले. ते गादीपाशी उभे राहिले. उज्ज्वलाला आतून त्यांची पाठ दिसत होती आणि त्यांचा उजवा हात, फोनच्या वर. मोडेम तोडायचा, रिसीव्हर बाजूला काढून ठेवायचा, की नरडाण्याला एंगेज जाणार आणि मगन गाडी गेटातच थांबवणार. सात वर्षं हेच चाललं होतं. आणि आत्ता मगनने फोन लावला तर त्याला नेहमीसारखी वाजलेली रिंग ऐकू येणार, आणि पडलेल्या भावाची गाडी रस्त्याला लागणार.

"किती बाकी?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"बारा मिनिटं."

"बारा मिनिटांत गाडी भरते."

तार त्यांची होती, भाव खरोखरच पडला होता. बेबाबाईला दोघांच्या चेहऱ्यांवरून एवढंच कळलं की शेठना फोन पाहिजे आहे. ती पोत्यावरून उठली, पुढे आली आणि हाताने फोनकडे दाखवून म्हणाली, "घ्या ना शेठ. तुमनं काम करी ल्या. आमनं काय, चालनं."

शेठनी तिच्याकडे बघितलं. मग ते गादीवर बसले आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला, शाळेत मास्तरांनी सांगितल्यासारखा.

"मोहनबाई," ते म्हणाले, "बारा मिनिटं झाली की सांग मला. मी घड्याळ बघत नाही."

ऐंशी. पंच्याऐंशी. बाहेर बूथपुढची रांगसुद्धा आता आतल्या खोलीकडे बघत होती. ब्याण्णववर वेग निम्म्याने खाली आला आणि उज्ज्वलाने खुर्चीचे हात घट्ट धरले. शहाण्णव. नव्याण्णववर आकडा अडकला, अडकूनच राहिला, आणि मग ओळ हिरवी झाली.

"झालं!"

तिने मोडेमची तार हिसकून काढली. त्याच क्षणी शेठनी रिसीव्हर उचलून गादीवर आडवा ठेवला, आणि मगच घाम पुसला. सातवी लाल ओळ आली नव्हती, म्हणजे नरडाण्याची रिंग आली नव्हती. मगनची गाडी अजून गेटाच्या आतच होती. उज्ज्वलाने हे त्यांना सांगितलं. शेठनी पहिल्यांदाच तिच्या लाल ओळींवर विश्वास ठेवला. "बाल बाल बचे," ते म्हणाले. "आता जा. रिक्षा कर. उभी काय राहिलीस?"

फाईल फोडून तीन फ्लॉपींवर उतरवायला आणि त्या वाचल्या जातात की नाही ते तपासायला सव्वाचार झाले. चारची धुळ्याची गाडी केव्हाच गेली होती. रिक्षात बेबाबाईने पिशवी मांडीवर घेतली होती आणि ती वाटभर काही विचारत नव्हती.

मंगल कार्यालयात खुर्च्या उलट्या करून ठेवायला सुरुवात झाली होती. सबनीस सरांनी फ्लॉपी घेतल्या, लॅपटॉपमध्ये घातल्या, एकेक करून. प्रोग्राम उघडला. यंत्राला केसाएवढ्या तारा जोडल्या, पेटी लॅपटॉपला जोडली, सकाळी काढलेला कानाचा आलेख समोर ठेवून आकडे भरले. एकदा यंत्राने जोरात शिटी मारली. त्यांनी काहीतरी खाली आणलं आणि शिटी थांबली. मग ते यंत्र बेबाबाईच्या उजव्या कानात बसवून त्यांनी तिला लाउडस्पीकरपासून एक मीटरवर, आपल्याकडे पाठ करून, खुर्चीत बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, हे उज्ज्वलाने तिला खुणेने सांगितलं.

दार बंद केलं, पंखा बंद केला. सबनीस सरांनी मोठ्या आवाजापासून सुरुवात करून एकेक पायरी खाली आणली. बेबाबाई बटण दाबत गेली. मध्ये एकदा न वाजलेल्या आवाजालाही तिने दाबलं, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. सगळं झाल्यावर त्यांनी सकाळचा कागद आणि आत्ताचा कागद शेजारी ठेवले आणि उज्ज्वलाला वाचून दाखवलं.

उजवा कान, यंत्राशिवाय आणि यंत्रासह. आकडा जितका लहान तितका हळू आवाज ऐकू येतो, ते म्हणाले, आणि समोरच्याचं साधं बोलणं पन्नास-साठच्या आसपास असतं. पाचशे हर्ट्झला सत्तर होते, आता पस्तीस डेसिबल. एक हजारला पंचाहत्तर होते, आता चाळीस. दोन हजारला ऐंशी होते, आता पन्नास. चार हजारला, म्हणजे अगदी बारीक आवाजांना, नव्वद होते, नव्वदच.